खाडी मुंबईची, भरपाई चंद्रपुरात

४५,६७५ झाडे आणि १०३ हेक्टर जमीन. पहिला आकडा मुंबईच्या खाडीकाठच्या तिवरांचा आहे. वर्सोव्याहून दहिसरमार्गे भाईंदरला जाणाऱ्या सुमारे २६ किलोमीटरच्या किनारी रस्त्यासाठी एवढी झाडे तोडण्याची परवानगी मुंबई महापालिकेने मागितली होती आणि डिसेंबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती दिली. दुसरा आकडा या रस्त्यासाठी लागणाऱ्या वनजमिनीचा. तिच्या बदल्यात जवळपास तेवढ्याच जमिनीवर पर्यायी वनीकरण करायचे ठरले आहे, आणि ती जमीन आहे चंद्रपूर जिल्ह्यात.

मुंबई ते चंद्रपूर हे सरळ रेषेतले अंतर सुमारे ७०० किलोमीटर. उधाणाच्या दिवशी मुंबईच्या खाडीत भरती-ओहोटीच्या पातळीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. चंद्रपूर शहर समुद्रसपाटीपासून जवळपास १९० मीटर उंचीवर आहे. इथल्या वर्धा, इरई, वैनगंगा या नद्या पुढे प्राणहिता आणि गोदावरीतून बंगालच्या उपसागराला मिळतात. म्हणजे ज्या समुद्राचे पाणी खाडीत शिरते, त्या समुद्राशी चंद्रपूरच्या पावसाच्या एका थेंबाचाही संबंध येत नाही. तरीही सरकारी कागदावर खाडीकाठचे १०३ हेक्टर वजा होतात, चंद्रपुरात तेवढेच मिळवले जातात आणि बाकी शून्य राहते.

हे शून्य बरोबर आहे का, हे आकड्यांनीच तपासायला हवे. हा विषय फक्त मुंबईच्या पर्यावरणप्रेमींचा नाही. भरपाईची जमीन ज्या मुलखात शोधली जाते तो चंद्रपूर-गडचिरोलीचा मुलूख या हिशेबातला दुसरा पक्षकार आहे, आणि त्याला कोणी काही विचारलेले फारसे ऐकिवात नाही.

एका खाडीची दोन खाती

मुंबईतली तिवरे कायद्याच्या भाषेत ‘वन’ आहेत, हे अनेकांना ठाऊक नसते. उच्च न्यायालयाच्या ६ ऑक्टोबर २००५ च्या आदेशानंतर सरकारी जमिनीवरची कांदळवने वन म्हणून अधिसूचित होऊ लागली. पुढे १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने कांदळवन तोडण्यावरची राज्यभराची बंदी कायम झाली आणि भोवतालचा ५० मीटरचा पट्टाही संरक्षित झाला. प्रकल्प खरोखर सार्वजनिक हिताचा असेल तरच, आणि तेही न्यायालयाला पटवून, झाडाला हात लावता येतो. म्हणून बुलेट ट्रेनपासून किनारी रस्त्यापर्यंत प्रत्येक प्रकल्प आधी न्यायालयाच्या दारात उभा राहतो.

यातून भरपाईची दोन खाती तयार होतात. पहिले झाडांचे. ते किनारा नियमन क्षेत्राच्या, म्हणजे सीआरझेडच्या, नियमांतून येते. दुसरे हेक्टरांचे. ते १९८० च्या वनसंवर्धन कायद्यातून येते.

झाडांच्या खात्याकडे आधी पाहू. ४५,६७५ पैकी सुमारे ९,००० झाडे कायमची जाणार आहेत. उरलेली ३६,६७५ बांधकामाच्या काळात बाधित होतील आणि काम संपल्यावर तिथेच पुन्हा लावली जातील, असे महापालिकेचे म्हणणे आहे. शिवाय एकूण संख्येच्या तिप्पट, म्हणजे १,३७,०२५ तिवरे किनारपट्टीवर लावण्याची हमी तिने दिली आहे. तिप्पट म्हटले की ऐकणाऱ्याला बरे वाटते. पण तिवरांची रोपे साधारणपणे दीड-दीड मीटरवर लावतात. त्या अंतराने एका हेक्टरात ४,४४४ रोपे बसतात. १,३७,०२५ ला ४,४४४ ने भागले तर उत्तर येते सुमारे ३१ हेक्टर. झाडे तिप्पट, पण दाट लावली तर त्यांना लागणारी जागा मूळच्या वनजमिनीच्या एक तृतीयांशाहूनही कमी. प्रत्यक्षात ती याहून विरळ लावली जातील आणि जागा जास्त व्यापतील, हे शक्य आहे. मुद्दा इतकाच की ‘तिप्पट’ या शब्दातून जागेबद्दल काहीच कळत नाही.

हा पटही कायम राहिलेला नाही. २०११ च्या सीआरझेड अधिसूचनेत पाचपट भरपाईची अट होती. २०१९ च्या अधिसूचनेत ती तिपटीवर आली. बुलेट ट्रेनसाठी डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी मिळाली तेव्हा बाधित झाडांची संख्या आधीच्या ५३,४६७ वरून २१,९९७ वर आणली गेली होती आणि भरपाई पाचपट देण्याचे ठरले होते. किनारी रस्त्याची झाडे बुलेट ट्रेनच्या दुपटीहून जास्त, भरपाईचा पट मात्र तीन.

हेक्टरांच्या खात्याचा नियम वेगळा. वळवलेल्या वनजमिनीएवढी वनेतर जमीन वन विभागाला द्यायची आणि तिच्यावर साधारण हेक्टरी हजार रोपांच्या हिशेबाने वन उभे करायचे. काही बाबतींत अवनत वनजमिनीवर दुप्पट क्षेत्रात वनीकरण चालते. जमीन शक्यतो त्याच जिल्ह्यात, नाही मिळाली तर राज्यात इतरत्र, पण शक्य तितकी जवळ असावी, असे मार्गदर्शक सूचना सांगतात. मुंबईत अशी जमीन मिळत नाही. ठाणे-पालघरात ती महाग आहे आणि तिच्यावर हजार दावे आहेत. त्यामुळे ‘शक्य तितकी जवळ’ ही अट राज्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन थांबते.

कोणाकडे किती आहे?

भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालानुसार महाराष्ट्रात कांदळवन आहे सुमारे ३१५ चौरस किलोमीटर. राज्याचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. कांदळवनाचा वाटा भरतो एक दशांश टक्का.

आता दुसरे टोक. गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आणि त्यातले सुमारे ६९ टक्के वनाच्छादित. ज्या चंद्रपूरमधून २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा झाला, त्याचे क्षेत्रफळ ११,४४३ चौरस किलोमीटर आणि वनाच्छादन सुमारे ३५ टक्के. दोन्ही जिल्ह्यांचे वन मिळून जवळपास १४ हजार चौरस किलोमीटर होते. राज्याचे एकूण वनाच्छादन ५०,८०० च्या आसपास धरले, तर जेमतेम साडेआठ टक्के भूभाग असलेल्या या दोन जिल्ह्यांनी राज्याच्या वनापैकी चौथ्या हिश्शाहून जास्त वन सांभाळले आहे.

१०३ हेक्टर म्हणजे १.०३ चौरस किलोमीटर. राज्याच्या कांदळवनाशी तुलना केली तर ते ०.३३ टक्के भरते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनाशी केली तर ०.००७ टक्के. तोच आकडा एका बाजूला दुसऱ्या बाजूच्या ४४ पट वजनाचा आहे. रस्त्याचा बराचसा भाग खांबांवरून आणि बोगद्यातून जाणार असल्याने सगळेच १०३ हेक्टर कायमचे नष्ट होतील असे नाही, हे मान्य. तरी दिशा तीच राहते. जे राज्याकडे अगदी थोडे आहे ते कमी करायचे आणि जे त्यातल्या त्यात भरपूर आहे त्यात नखभर भर घालायची, याला भरपाई म्हणता येत नाही.

पैशाच्या हिशेबातही हेच दिसते. वनजमीन वळवताना प्रकल्पाने हेक्टरी ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ भरायचे असते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ठरवून दिलेल्या दरांत किनारी आणि दलदली वने दुसऱ्या वर्गात, तर आपल्याकडची शुष्क पानझडी वने तिसऱ्या वर्गात होती. अतिघन वनाचा दर दुसऱ्या वर्गात हेक्टरी १० लाख ४३ हजार, तिसऱ्यात ८ लाख ८७ हजार. फरक फक्त साडेसतरा टक्क्यांचा. २०२२ मध्ये हे दर १.५३ पटीने वाढवले गेले, म्हणजे दोन्ही वर्ग सारखेच वर सरकले आणि त्यांचे नाते होते तिथेच राहिले. आजच्या सर्वांत वरच्या दराने, सुमारे १५ लाख ९६ हजारांनी, १०३ हेक्टरांचे मूल्य १६ कोटी ४० लाखांच्या आसपास जाते. नुसत्या वर्सोवा-दहिसर टप्प्याचा जाहीर खर्च १६ हजार कोटींहून जास्त आहे. हजार रुपयांच्या खर्चात खाडीच्या वनाची किंमत साधारण एक रुपया.

साडेसतरा टक्क्यांत काय बसत नाही?

ओहोटीच्या वेळी तिवरांखालचा चिखल पाहावा. चिखलातून बोटभर उंचीची श्वसनमुळे हजारोंनी वर आलेली असतात. खालच्या चिखलात प्राणवायू नसतो म्हणून झाड त्यांच्यातून श्वास घेते. मुळांमधून निवट्या उड्या मारतात, चिंबोऱ्या बिळे उकरतात, कोलंबीची आणि बोयची पिल्ले भरतीबरोबर आत येऊन याच मुळांच्या आडोशाला वाढतात. पुढे ती खोल पाण्यात जातात आणि कोळ्यांच्या जाळ्यात येतात. तिवरांच्या पुढचा उघडा चिखल ओसाड दिसतो, पण रोहितांचे थवे खातात ते तिथेच. ठाणे खाडीत याच कारणाने २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाले आणि २०२२ मध्ये ६,५२१ हेक्टरांच्या खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

पाण्याचे कामही आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा दिवशी भरती असेल तर शहराचे पाणी समुद्रात जात नाही. पसरायला त्याला खाडीकाठच्या सखल, दलदलीच्या जमिनीच लागतात. दोन-तीन तासांची ती उसंत चंद्रपुरात लावलेले सागाचे रोप देऊ शकत नाही.

कार्बनचा हिशेब आणखी स्पष्ट आहे. हिंद-प्रशांत प्रदेशातल्या २५ कांदळवनांचा २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास हेक्टरी सरासरी १,०२३ टन कार्बन दाखवतो आणि त्यातला मोठा हिस्सा झाडात नाही, खालच्या चिखलात साठलेला आहे. भारतातल्या सर्व वनांची सरासरी, मातीसकट, हेक्टरी १०० टनांच्या जवळपास. मुंबईच्या खाडीत हजाराचा आकडा मिळेलच असे नाही; इथली तिवरे खुजी आहेत. निम्मा किंवा तिसरा हिस्सा धरला तरी साडेसतरा टक्क्यांचा फरक त्यापुढे टिकत नाही. आणि चिखल एकदा उकरला की शतकांचा साठा वाऱ्यावर जातो. तो परत जमायला तेवढाच काळ लागतो.

मग तिवरे पुन्हा लावली की झाले? श्रीलंकेचा अनुभव डोळे उघडणारा आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तिथे २३ ठिकाणी हजार-बाराशे हेक्टरांवर तिवरे लावली गेली. काही वर्षांनी संशोधकांनी मोजले तेव्हा जेमतेम २००-२२० हेक्टरांवर यश दिसले. नऊ ठिकाणी एकही रोप जगले नव्हते. निम्म्याहून जास्त रोपे जगली अशी ठिकाणे फक्त तीन. कारण बहुतेक जागी एकच: भरतीचे पाणी किती वेळ आणि किती उंच येते हे न पाहता, मोकळी जागा दिसली तिथे रोपे खोवली गेली. जिथे पाण्याची ये-जा बरोबर असते तिथे तिवरे आपणहून उगवतात. म्हणून बांध फोडून, बुजलेले नाले मोकळे करून खाडीला तिची जागा परत देणे हेच खरे पुनरुज्जीवन, आणि ते अर्थातच खाडीतच करावे लागते.

इंग्लंडमधला एक व्यवहार इथे सांगण्यासारखा आहे. मेडवे नदीच्या मुखाशी शीअरनेस बंदराच्या वाढीसाठी लॅपल बँक नावाचा २२ हेक्टरांचा भरतीचा चिखल बुजवला गेला. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेले आणि १९९६ मध्ये निकाल सरकारच्या विरोधात लागला. तो चिखल तोवर बुजला होता. पण सरकारला भरपाई द्यावी लागली, आणि २००६ मध्ये त्याच किनारपट्टीवरच्या वॉलसी बेटावर जुना समुद्रबांध फोडून ११५ हेक्टर जमिनीत पुन्हा भरती आणली गेली. लॅपल बँक आणि फॅगबरीचा दुसरा एक चिखलपट्टा, या दोन्हींची ही भरपाई. चिखलाच्या बदल्यात चिखल आणि भरतीच्या बदल्यात भरती. दहा वर्षांचा उशीर झाला, तो दोषच. पण माप बरोबर होते.

जमीन मोकळी कोणासाठी?

आता चंद्रपूरच्या बाजूने पाहू. विदर्भात भरपाईची जमीन मिळते, म्हणजे नेमकी कसली जमीन मिळते?

पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत, नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीत, ‘झुडपी जंगल’ नावाची महसुली नोंद आहे. गुरे चारायची, सरपण आणायचे, गावाच्या निस्ताराच्या गरजा भागवायच्या अशी ही जमीन. एकूण सुमारे १ लाख ७८ हजार हेक्टर. त्यातली ८६,४०९ हेक्टर वन व्यवस्थापनासाठी अयोग्य म्हणून वेगळी काढली गेली होती. त्यात कुठे शाळा आहेत, कुठे घरे, कुठे स्मशाने. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच असल्याचा निकाल दिला. त्यातच एक महत्त्वाची अट आहे. पर्यायी वनीकरणासाठी झुडपी जमीन सहजासहजी वापरता येणार नाही. वनेतर जमीन उपलब्ध नाही असे मुख्य सचिवांनी प्रमाणित केले तरच, आणि तेही दुप्पट क्षेत्रावर. न्यायालयाने हे दार अर्धे लोटून घेतले, याचे कारण उघड आहे. जी जमीन आधीच वन आहे तिच्यावर रोपे लावून दुसरीकडचे वन गेल्याची भरपाई होत नाही.

मग उरते ती खरोखरची वनेतर जमीन. तिच्यावर बहुतेक वेळा गवत असते, विरळ पळस-बोरी असतात, चितळ-नीलगाय चरतात, गावची गुरे चरतात. तिथे कुंपण घालून, चर खोदून, हेक्टरी हजार रोपे लावली की उपग्रहाला हिरवे दिसते. गुराख्याला मात्र वाट वाकडी करून जंगलात आत जावे लागते. ताडोबा-अंधारी प्रकल्पाच्या १,७२७ चौरस किलोमीटरांपैकी ६२५ चौरस किलोमीटर गाभा आहे, बाकीच्या बफरमध्ये गावे आहेत, आणि वाघ दोन्हीकडे फिरतो. सरपणाला आणि मोहफुलांना गेलेल्या बायांवर हल्ले होतात ते याच वाटांवर. कुंपण कुठे घालायचे हा निर्णय म्हणूनच मुंबईतल्या प्रस्तावाच्या पुरवणीत उरकण्याचा नाही.

गावाचा हक्कही कागदावर आहे. वनहक्क कायदा २००६ चा. त्याखाली गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, देशात अगदी सुरुवातीला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये हजार हेक्टरांवर मिळाला. या गावांनी बांबू विकून, राखून, मोजून दाखवले की वन सांभाळायला ग्रामसभा पुरेशी आहे. पण २०१६ चा कॅम्पा कायदा, म्हणजे भरपाई वनीकरण निधीचा कायदा, ग्रामसभेच्या संमतीबद्दल मूळ मजकुरात गप्प राहिला. मोठा दोष हाच.

निधीची कमतरता नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने साचलेल्या कॅम्पा निधीतून राज्यांना ४७,४३६ कोटी वाटले. महाराष्ट्राच्या वाट्याला ३,८४४ कोटी आले. कमतरता आहे ती प्रत्यक्ष कामाची. महालेखापरीक्षकांच्या २०१३ च्या अहवालात देशभराचा हिशेब आहे: २००६ ते २०१२ या काळात वळवलेल्या वनाच्या बदल्यात १,०३,३८२ हेक्टर वनेतर जमीन मिळायला हवी होती. मिळाली २८,०८६ हेक्टर, म्हणजे २७ टक्के. वनीकरण झाले ते ७,२८१ हेक्टरांवर, म्हणजे सात टक्के. तो अहवाल जुना आहे, नियम त्यानंतर बदलले, २०२३ मध्ये वनसंवर्धन कायदाही सुधारला गेला. पण ज्या पद्धतीने शंभरात सात दिले तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवावा असे मला वाटत नाही.

याच काळात इकडचे वनही जातेच आहे. सूरजागडच्या लोहखनिजाशी निगडित प्रकल्पासाठी २०२५ मध्ये गडचिरोलीतील ९०० हेक्टरांहून जास्त वनजमीन वळवण्याचा प्रस्ताव पुढे सरकला. त्यात लाखावर झाडे आहेत. मुंबईच्या १०३ हेक्टरांचे वन चंद्रपुरात उभे राहत असताना शेजारी त्याच्या नऊ पट वन उभे राहणार की पडणार, हा प्रश्न त्या प्रस्तावाच्या फाइलमध्ये येत नाही. प्रत्येक फाइल स्वतःपुरती बाकी शून्य करते.

इथली पाणथळ मोजतो कोण?

आणि चंद्रपूर-गडचिरोलीला स्वतःची पाणथळ आहे. फार मोठी आणि फार जुनी.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून सहा हजारांहून जास्त माजी मालगुजारी तलाव आहेत. लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. चांद्याच्या गोंड राजांच्या काळापासून, जो तलाव बांधेल त्याला जमीन, या रीतीने ते उभे राहत गेले. नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, मूल या भागात फिरले की उतारावर एकाखाली एक तलाव दिसतात. वरचा भरला की सांडव्यातून पाणी खालच्यात, खालच्यातून धानाच्या बांध्यांत, तिथून बोडीत, म्हणजे लहान तळ्यात. पावसाळ्यात ढीवर समाजाचे मासेमार मासे सोडतात. मरळ, झिंगे मिळतात. उथळ काठावर कमळ आणि पाणगवत वाढते, हिवाळ्यात बदके उतरतात. उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या तळात गुरे चरतात. सिंचन, मासळी, चारा, पक्षी, विहिरींचे पाणी, सगळे एकाच खड्ड्यात. भरती-ओहोटी इथेही आहे, फक्त ती वर्षातून एकदाच होते.

१९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, संपली आणि तलाव सरकारजमा झाले. शंभर हेक्टरांपर्यंत भिजवणारे जिल्हा परिषदेकडे, त्यावरचे पाटबंधारे खात्याकडे. लोकांचा हक्क पातळ झाला तशी गाळ काढायची, पाळ बांधायची रीतही गेली. आज कित्येक तलावांत बेशरम माजली आहे, पाळी खचल्या आहेत, पोटात अतिक्रमणे आहेत. खुद्द चंद्रपूर शहरातल्या गोंडकालीन रामाळा तलावासाठी इको-प्रो संस्थेच्या बंडू धोतरे यांना २०२१ मध्ये अन्नत्याग सत्याग्रह करावा लागला, तेव्हा कुठे गाळ काढण्याचे काम हलले.

कायद्याचे छत्रही यांच्यावर नाही. २०१७ च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येतून सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी माणसाने बांधलेले जलाशय वगळले आहेत. म्हणजे मामा तलाव बाहेर. सीआरझेडखालचे आणि वन कायद्याखालचे क्षेत्रही त्या नियमांच्या कक्षेत येत नाही. म्हणजे मुंबईची खाडीही बाहेर. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला तलाव, आणि दोन्ही ‘पाणथळ’ या नावाच्या नियमांखाली येत नाहीत. म्हणूनच खाडीची भरपाई करताना कोणाला पाणथळ आठवत नाही. आठवते ती झाडे.

त्यात भर म्हणजे वनीकरण करताना उतारावर सलग समतल चर खोदतात. तो उतार एखाद्या तलावाच्या पाणलोटात असेल तर तलावात येणारे पाणी चरांत अडते. मातीसाठी ते चांगले, पण आधीच गाळाने भरलेल्या तलावाचा येवा त्याने घटू शकतो. जागा ठरवताना हे पाहिले जावे, इतकी साधी अपेक्षा आहे.

मला जे योग्य वाटते ते असे. तिवरांची भरपाई तिवरांनी आणि चिखलाची चिखलाने व्हावी, ती वैतरणेपासून धरमतरपर्यंतच्या खाड्यांमध्ये व्हावी, आणि ती झाडांच्या संख्येने न मोजता भरतीचे पाणी पुन्हा किती हेक्टरांवर फिरू लागले याने मोजावी. बुजवलेल्या नाल्यांनी आणि सोडून दिलेल्या खारलँड बांधांनी अडलेल्या जागा कोकणात आहेत. वनेतर जमिनीची अट पूर्ण करण्यासाठी विदर्भात यावेच लागले, तर ग्रामसभेच्या ठरावाशिवाय एक हेक्टरही घेऊ नये. आणि मुंबईच्या पाणथळीच्या नावाने चंद्रपूर-गडचिरोलीत पैसा यायचाच असेल, तर त्यातला मोठा हिस्सा मामा तलावांच्या पाळी, सांडवे आणि गाळ यांवर, ढीवर सहकारी संस्थांना आणि ग्रामसभांना हाताशी धरून खर्च व्हावा. त्याने खाडी परत येणार नाही, हे स्पष्ट म्हणावे. पण निदान पाणथळीच्या पैशातून पाणथळ तरी जगेल.

उच्च न्यायालयाने परवानगी देताना महापालिकेला दहा वर्षे, दरवर्षी, भरपाईच्या लागवडीचा अहवाल द्यायला सांगितले आहे. त्या अहवालात किती रोपे लावली याच्या शेजारी तीन रकाने असावेत: किती जगली, खाडीत किती हेक्टरांवर भरती परतली, आणि चंद्रपुरातली जमीन घेताना कोणत्या ग्रामसभेने कोणत्या तारखेला ठराव केला. पहिला अहवाल येईल तेव्हा मुंबईतल्या वाचकांनी आणि चंद्रपूरच्या ग्रामसभांनी तो मागून घ्यावा, आणि हे रकाने कोरे असतील तर न्यायालयाच्या नजरेस आणून द्यावे.